नाव काढलेली मुले

स्मरणिका समितीने ‘शाळेचे मानकरी’ हा विषय माझ्याकडे सोपवला, तेव्हा अट एकच घातली होती : विद्यार्थी आणि शिक्षक, दोघांच्याही यशाची नोंद त्यात आली पाहिजे. विद्यार्थ्यांचे काम सोपे वाटले. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा काळा लाकडी फलक अजून जागेवर आहे, आणि अक्षरे उडाली असली तरी उन्हाच्या तिरिपीत वाचता येतात. शिक्षकांसाठी मात्र आपल्या शाळेत फलक कधीच नव्हता. म्हणून जुने दप्तर पाहण्याची परवानगी मागितली. सध्याच्या मुख्याध्यापकांनी ती दिली, वर दोन दिवस चहाही पाजला. पुढे जे लिहिले आहे ते त्या फलकावरून, जनरल रजिस्टर व शेरेबुकावरून आणि तुम्हा मंडळींशी फोनवर झालेल्या बोलण्यावरून. शाळेतल्या कुणाचेही नाव मी घातलेले नाही. ओळखणारे ओळखतीलच, आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांना न विचारता ती नावानिशी छापणे बरे नव्हे.

आधी ‘मिडल स्कूल’ या शब्दाविषयी, कारण आपल्या नातवंडांना तो सिनेमातला वाटतो. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. त्यामुळे आपल्या शाळांचा साचा पुण्याचा नव्हता, नागपूरचा होता. चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवी ते आठवी मिडल, आणि त्यापुढे अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत हायस्कूल. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, कागदावरची नावे बदलली, पण गावाने ‘मिडल स्कूल’ सोडले नाही. जिल्ह्याचेही तसेच. मूर्तिजापूर तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात होता, मग अकोल्यात गेला. आपल्या वर्गात दोन्ही जिल्ह्यांची मुले होती. कुणाचा मामा अमरावतीला, कुणाची आत्या अकोल्याला. आठवी झाली की ज्याचा नातेवाईक जिथे, तिथल्या हायस्कुलात तो जाई. ज्याचा कुठेच कुणी नसे, त्याची शाळा तिथेच संपे.

हे मधले चार वर्ग किती महत्त्वाचे होते याचा दाखला पंजाबराव देशमुखांच्या चरित्रात आहे. २७ डिसेंबर १८९८ ला पापळ गावी जन्मलेला हा मुलगा गावच्या शाळेत पुढचे वर्ग नाहीत म्हणून चांदूर रेल्वेला गेला, मग कारंज्याला, मग अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात. विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी काढलेल्या पहिल्या संस्थांपैकी एक म्हणजे १९२७ सालचे अमरावतीचे श्रद्धानंद छात्रालय. सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवणारे. शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतर, १९३२ ची. आधी राहण्याची सोय आणि मग शाळा, हा क्रम मला फार बोलका वाटतो. शाळा होत्या, पण तिथे पोहोचून टिकणे हे खरे काम होते, हे शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला सांगावे लागले नाही. आपल्या फलकावरच्या कितीतरी नावांपुढे मला आज एखाद्या वसतिगृहाची खोली दिसते.

आता फलकाकडे. त्याच्यावर तीन रकाने आहेत : ‘वार्षिक परीक्षेत प्रथम’, ‘शिष्यवृत्तीधारक’ आणि ‘इतर’. पहिल्या रकान्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. शेवटी पाटलांच्या आणि मास्तरांच्या घरांतली नावे जरा जास्तच दिसतात, एवढे नोंदवतो.

दुसरा रकाना महत्त्वाचा. मुंबई राज्यात चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून सुरू झाली. विदर्भ त्या राज्यात आल्यावर ती आपल्याकडे आली. शाळेबाहेरच्या माणसाने आपली मुले तोलण्याची ही पहिलीच वेळ. भाषा आणि गणित ठीक होते, पण ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा प्रकार गुरुजींनाही नवा होता. गणिताच्या गुरुजींनी पुस्तक आणून आधी स्वतः रात्री प्रश्न सोडवले आणि मग आपल्याला घातले, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेले अनेकांना आठवते. थंडीत सकाळी सहाचा जादा तास, कंदील ज्याने त्याने घरून आणायचा. परीक्षेला मूर्तिजापूरला न्यायचे ते शकुंतलेने. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आपली छोटी गाडी, मँचेस्टरहून आलेले तिचे १९२१ सालचे वाफेचे इंजिन, आणि उतरून लघवीला जाऊन परत चढता येईल असा तिचा वेग. परीक्षेचा पेपर अवघड गेला की सोपा, यापेक्षा मूर्तिजापूर स्टेशनवर खाल्लेला आलुबोंडा मुलांना जास्त आठवतो. गाडी आता बंद आहे.

शिष्यवृत्तीची रक्कम मोठी नव्हती, पण घरात वजन होते. ‘सरकार पैसे देऊन शिकवते म्हणजे पोरात काहीतरी असलं पाहिजे’ असा हिशेब बापाच्या मनात बसे आणि पोरगा औताच्या मागून सुटे. फलकावरच्या नावाचे काम हेच होते. मध्यंतरी ही परीक्षा पाचवी-आठवीला गेली होती. २०१७ च्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा त्या वर्गांना झाली. शिवाय २००७-०८ पासून आठवीसाठी केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला १२,००० रुपये, बारावीपर्यंत. फलकाच्या खाली अलीकडे पत्र्याची जोडपट्टी लावली आहे, तिच्यावर याच परीक्षेतली नावे जास्त आहेत आणि त्यांत मुली पुष्कळ आहेत. जुन्या फलकावर पहिली मुलगी शोधायला बरेच खाली यावे लागते.

‘इतर’ हा रकाना मला सगळ्यांत आवडतो. चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट, हुतूतू, खो-खो आणि एका वर्षी ‘उत्कृष्ट लेझीम’. आपले पी.टी.चे सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या या आखाड्याचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळ दाखवून आला होता. सर ही गोष्ट दर पावसाळ्यात मैदान चिखल झाले की सांगत. हिटलरसमोर लंगोट घालून खेळलेली वऱ्हाडी माणसे आमच्या डोळ्यांसमोर उभी राहत. किती खरे, किती सरांचे, कोण तपासणार! पण अमरावती ही जगाच्या नकाशावर आहे ही कल्पना पहिल्यांदा त्या चिखलातच डोक्यात शिरली. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षा मात्र फलकावर नाहीत. प्रवेश, परिचय, कोविद अशा पायऱ्या आपल्यातल्या काही मुलींनी घरी बसून चढल्या. त्यांची प्रमाणपत्रे ट्रंकेत राहिली.

फलक काय पकडतो आणि त्याच्या हातून काय निसटते, हे सांगायला आपल्याच भागातली दोन नावे पुरतील. सुरेश भट अमरावतीचे, १९३२ चा जन्म. अडीच वर्षांचे असताना पोलिओ झाला, आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ते दोनदा नापास झाले. मराठी गझलेचा एवढा मोठा कवी कोणत्याही शाळेच्या ‘प्रथम’च्या रकान्यात मावला नसता. दुसरे नाव भूषण गवई यांचे. ते १९६० चे, म्हणजे आपल्याच वयाचे, अमरावतीच्या फ्रेझरपुरा वस्तीत नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. १४ मे २०२५ ला त्यांनी देशाचे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली त्या दिवशी आपल्या गटावर जे अभिनंदनाचे हार-तुरे झाले, ते पाहून जणू तेही आपल्याच बाकावर बसत होते असे वाटावे! पण त्यात खोटे काही नाही. पाटीवर मराठीत अंक गिरवणाऱ्या, फी नसलेल्या शाळेतून तिथवर जाता येते, हा आनंद सगळ्या नगरपालिका आणि जिल्हा परिषद शाळांचा आहे.

आता सत्काराची गोष्ट. फलक, हार, श्रीफळ याला काही लोक नाके मुरडतात. मला त्यांचे पटत नाही. १९०७ साली मुंबईत भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे याच केळुसकरांनी खटपट करून त्यांच्यासाठी सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवली. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे १९५६ साली नागपूरला सगळ्या जगाने पाहिले. सत्कार करणारा माणूस दुसऱ्या दिवशीही विद्यार्थ्याच्या मागे उभा असेल, तर सत्काराला अर्थ असतो.

शिक्षकांच्या गौरवाची सरकारी रीत त्या मानाने उशिरा आली. राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून, आणि ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन १९६२ पासून. आपल्या शाळेतून कुणाला असा पुरस्कार मिळाल्याची नोंद नाही. २०१८ पासून तर शिक्षकाने आपला अर्ज आपणच भरायचा असतो, कामाचे पुरावे जोडायचे असतात. आपल्या गुरुजींपैकी एकालाही हे जमले नसते. स्वतःबद्दल दोन ओळी लिहा म्हटले असते तर त्यांनी पहिली ओळ शुद्धलेखनासाठी खोडली असती आणि दुसरी संकोचाने. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी झाले आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली, तेव्हा आपल्या गटावर कुणीतरी लिहिले होते, ‘आपल्या गुरुजींना मोबाइल मिळायला पाहिजे होता.’ हसण्यावारी गेले, पण खरे होते. दाखवता येईल असे काही आपले गुरुजी मागे ठेवत नसत.

मागे राहिले ते जनरल रजिस्टर. शाळेचे हे सर्वांत कंटाळवाणे पुस्तक : अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, कुठल्या शाळेतून आला, केव्हा गेला, आणि शेवटच्या रकान्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’. ‘पुढील शिक्षणासाठी’ असे लिहिलेली मुले बहुतेक करून फलकाच्या आसपासची. बाकीच्यांपुढे एकच शिक्का मारल्यासारखे शब्द : ‘सतत गैरहजर, नाव काढले.’ मराठीची गंमत अशी, की शाळेचे नाव काढले तरी आपण हेच म्हणतो आणि शाळेतून नाव काढले तरी हेच.

आपल्या आठवीच्या वर्षाचे, १९७२-७३ चे पान उघडले. फलकावर त्या वर्षाच्या ओळीत शिष्यवृत्तीचे नाव नाही. रंगाऱ्याने आडवी रेघ ओढली आहे. दुष्काळाचे वर्ष. मराठवाड्याइतका तो आपल्याला बसला नाही हे खरे, पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी एरवीही तोंडात धरवत नाही. त्या वर्षी तेही खाली गेले. पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आली नाही. रेशनला मिलो मिळायचा, त्याच्या लाल भाकरीची चव तुम्हाला आठवत असेलच. घरची मोठी माणसे खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली, कामाचे माप होऊन पैसे मिळायचे, म्हणून दोन हात जास्त तेवढे बरे. आणि आई कामावर गेली की तान्ह्याला सांभाळायला घरातली मोठी मुलगी. आठवीतल्या मुली सप्टेंबरपासून एकेक करून दिसेनाशा झाल्या. पालकांचे म्हणणे एका मैत्रिणीने तिच्या बापाच्या आवाजात मला ऐकवले : “सातवी झाली न पोरीची, लय झालं. आता शाळेत कायले पाठवू?”

त्या पानावर ओळीने चार मुलींची नावे तांबड्या शाईने काढलेली आहेत. आणि त्याच चार नावांपुढे, काही आठवड्यांनी, निळ्या शाईत एकेक शब्द आहे : ‘पुनःप्रवेश’. अक्षर आपल्या आठवीच्या वर्गशिक्षक गुरुजींचे.

हे कसे घडले ते फोनवर तुकड्यातुकड्याने कळले. शाळा सुटली की गुरुजी सायकलने या चौघींच्या घरी जात. भाषण करत नसत. ओसरीवर बसायचे, पाऊसपाण्याचे बोलायचे, निघताना एवढेच विचारायचे की उद्या येईल का. बाळाचे काय, असे एका घरी विचारले तेव्हा म्हणाले, “बाळालाही घेऊन येऊ दे.” त्या वर्षी वर्गाच्या मागच्या सतरंजीवर एक तान्हे पोर असायचे हे तुम्हाला आठवेल. भूगोलाच्या तासाला ते रडले की गुरुजी शिकवता शिकवता त्याला खांद्यावर घेत आणि सह्याद्रीच्या घाटांवरून तसेच पुढे जात. ज्या दिवशी मुली कामावर जात त्या दिवशीचा अभ्यास रविवारी करून घेत. त्या चारही मुली आठवी पास झाल्या.

आता शेरेबुक. त्याच वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांचा शेरा आहे : पटाच्या मानाने उपस्थिती समाधानकारक नाही, आणि वर्गात शाळेबाहेरचे बालक आढळले, सबब खुलासा करावा. पहिले वाचून मी चक्रावलो, मग हिशेब लक्षात आला. चौघींची नावे काढलेलीच राहिली असती, तर पट कमी झाला असता आणि उपस्थितीचे प्रमाण आपोआप वाढले असते. गुरुजींनी त्यांना परत पटावर घेतले, त्या आठवड्यातून तीन-चार दिवसच येत, म्हणून सरासरी खाली आली. पोरींना जाऊ दिले असते तर शेरा चांगला मिळाला असता. गुरुजींचा खुलासा दोन ओळींचा आहे : बालक विद्यार्थिनीचा भाऊ आहे, तो मोठा झाल्यावर रीतसर दाखल करण्यात येईल.

त्या साहेबांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या तक्त्यात टक्क्यांचा रकाना होता, सतरंजीचा नव्हता. आपणही गेल्या पन्नास वर्षांत कचेऱ्यांमध्ये असेच तक्ते भरले आणि भरून घेतले. देशातल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक १९८५-८६ मध्ये अमरावतीला सुरू झाले (दुसरे हरियाणात झज्जरला). मग अकोल्यालाही आले, आणि आपल्या भागातली हुशार मुले पाचवीनंतर तिकडे निवडली जाऊ लागली. त्यांचे भले झाले, खेड्यातल्या पोरांना तशी शाळा दुसरी कुणी दिली नसती. फलकाला त्यामुळे नवा रकाना मिळाला. मागे राहिलेल्या वर्गाचे काय होते हे मात्र कुठल्याच फलकावर येत नाही, आणि मिडल स्कूलच्या शिक्षकाचे बहुतेक आयुष्य त्या मागे राहिलेल्या वर्गासमोर जाते.

आपली बॅच मार्च १९७५ ला दहावीच्या पहिल्या बोर्ड परीक्षेला बसली. नवा आकृतिबंध आपल्यावरच तपासून पाहिला गेला. त्या चौघींपैकी दोघी तेव्हा आपल्याबरोबर होत्या. एक पुढे डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि निवृत्त झाली. दुसरीने अकोला जिल्ह्यात अंगणवाडी चालवली. तिला मी म्हटले, सतरंजीवरचे पोर पाहूनच ही कल्पना सुचली का? ती हसली, पण नाही म्हणाली नाही. तिसरी आठवीनंतर शिकली नाही. तिला फोन केला तेव्हा म्हणाली, “मी काई झाली नाही भाऊ, माह्याबद्दल काय लिवता? पण सातबारा मले वाचता येते. नवऱ्याच्या मागं दिरानं कागद पुढं केला, तवा मी वाचला आन् मंग सही केली नाही.” मेळाव्याला येईल का विचारले, तर वेचणी कधी आटोपते त्यावर आहे म्हणाली.

समितीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आणि त्या मान्य झाल्या. एक, जुन्या फलकावरची सगळी नावे, चुकलेल्या काना-मात्रांसह, या स्मरणिकेत छापायची. दोन, पाचवी ते आठवीला शिकवलेल्या सगळ्या गुरुजींची आणि बाईंची नावे, पुरस्कार असो-नसो, वर्षांसह द्यायची. ती यादी मस्टरवरून करतो आहोत, ज्यांच्याकडे वर्गाचे फोटो आहेत त्यांनी ते पाठवावेत. तीन, १९७२-७३ च्या पानाची छायाप्रत, नावे झाकून, तांबडी आणि निळी शाई दिसेल अशी, रंगीत छापायची. खर्च थोडा वाढेल. वर्गणी अजून ज्यांची बाकी आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे.

चौथीचा पत्ता लागलेला नाही. बाळाला घेऊन येणारी ती हीच. रजिस्टरात आठवी उत्तीर्ण आणि ‘पालकांनी गाव सोडले’ एवढेच आहे. लाखपुरीकडे तिचे कुणी नातेवाईक होते असे एक जण सांगतो, दुसरा दर्यापूर-बनोसा म्हणतो. कुणाला काही माहिती असेल तर समितीला कळवावे. तिचा तो भाऊ आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्याचा ठावठिकाणा लागला तरी चालेल.